मावशीच्या बोअरमधलं गोकुळ

मावशीनं गुपचूप बोअरमध्ये टीसीएल टाकलं होतं. नळाखाली बाटली धरण्याआधीच मला वास आला आणि माझा पारा चढला.

"मावशी, काय केलंस हे?"

"तू पानी तपासायला येनार म्हनली. मग चांगलं नको निघायला?"

गावात साहेब यायच्या आदल्या दिवशी विहिरीत ही जंतू मारायची पावडर पडते, हे मी विसरलेच होते. पाहुण्यासाठी अंगण सारवावं तसं मावशीनं पाणी आवरून ठेवलं होतं. मी नाशिकच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मला जे जीव बघायचे होते, तेच तिनं माझ्या स्वागताला मारून ठेवले. चिडावं की हसावं कळेना.

तिची धास्ती वेगळीच होती. काका गेल्यापासून ती चांदवडजवळच्या मळ्यात एकटी राहते. एकटी म्हणजे म्हणायला. सकाळपासून तिच्या ओट्यावर कुणी ना कुणी असतंच, कुणी हंडा भरायला, कुणी सुनेची गाऱ्हाणी सांगायला. मावसभावाला तिला नाशिकच्या फ्लॅटमध्ये न्यायचं होतं. "ते बोअरचं पाणी पिऊन आजारी पडशील," हे त्याचं ठेवणीतलं अस्त्र. तपासणीत पाणी खराब निघालं की तिचं सामान बांधायचं, असं त्यानं जाहीरच केलं होतं.

कांद्याला पाणी देता देता बोअर बराच उपसला गेला, पावडरीचा मागमूस राहिला नाही, तेव्हा मी पुन्हा जाऊन बाटल्या भरल्या.

रोगजंतू निघाले नाहीत. जंतूंचं खाणं घातलेल्या काचेच्या बशांमध्ये तर जवळजवळ काहीच उगवलं नाही. नवख्यानं म्हटलं असतं, पाण्यात जीवच नाही. मी तेच पाणी अतिबारीक गाळणीतून गाळलं, गाळणीवर चमकणारा रंग सोडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

आईशप्पथ! काळोखात हिरवे ठिपके, जिकडे सरकावं तिकडे, नुसती दाटी. इतकी वर्षं हेच शिकवतेय, तरी अंगावर काटा आला. काळ्या पाषाणाच्या फटींत, जिथं ऊन कधी पोचलं नाही, तिथं हे संसार थाटून बसलेत. त्यातल्या बहुतेकांना नावसुद्धा नाही, कारण त्यांना प्रयोगशाळेत वाढवणं अजून कुणाला जमलेलं नाही. कुणी खडकातल्या लोखंडावर गुजराण करतं, कुणी दुसऱ्यानं टाकलेल्यावर. काही तर एवढे चिमुकले, की स्वतःला लागणारं सगळं त्यांना बनवताच येत नाही, ते शेजारून घेतात. आपण त्यांतल्या एकाला उचलून बशीत बसवतो, पंचपक्वान्नं वाढतो, आणि तो घासही घेत नाही. मावशीच्या पायाखाली एवढी वस्ती, आणि आम्ही वर तिच्याच पाण्याचा चहा पीत म्हणणार, खाली काय, नुसता दगड! त्या दिवशी घरी जाताना मला पाऊलसुद्धा हळू टाकावंसं वाटत होतं.

रविवारी मळ्यात गेले. मावसभाऊ गाडी घेऊन आधीच आला होता. मोबाइलवर त्या ठिपक्यांचा फोटो दाखवला, तसा मावशीचा चेहरा उतरला.

"इतके? समद्यांना मी हेच पाजलं?"

"आजार करणारे यात सापडले नाहीत, मावशी. हे तर माझ्या प्रयोगशाळेत जगतसुद्धा नाहीत. पाणी प्यायला चांगलं आहे."

"आज आहे," भाऊ म्हणाला. "उद्याचं कुणी सांगावं? तिकडं फिल्टर आहे, लिफ्ट आहे, तिला वेगळी खोली आहे. काय कमी पडणार आहे तिला?"

मावशी फोटोवरून बोट फिरवत होती.

"हे तुझ्याकडं जगत का नाय गं?"

"सगळं देते गं त्यांना. खायला देते, ऊब देते. पण त्यांचा शेजार मला देता येत नाही."

मावशीनं मोबाइल लेकाच्या हातात दिला.

"बघ बाबा," ती म्हणाली, "तू पन मला लय खायला घालशील."