कपाटाची दोन टोकं

आत्याचा धंदा घरसामान हलवण्याचा. ट्रक तिचा, आरडाओरडा तिचा आणि हमाल म्हणजे वस्तीतली वाया जायच्या बेतात आलेली पोरं. वस्तीतल्या दोन टोळक्यांच्या मारामाऱ्या वाढल्या, तेव्हा पोरांना वळण लावायला एक मार्गदर्शन केंद्र निघालं आणि मार्गदर्शक म्हणून आत्यालाही बोलावणं आलं. प्रशिक्षणाच्या व्याख्यानात आत्याबाई चक्क घोरल्या! पण तिने कामाला लावलेली पोरं मात्र टिकली.

तिचा एक नियम होता. जिवलग दोस्तांना एका कपाटावर लावायचं नाही. "दोस्त गप्पा हाणत बसतात आणि कपाट जिन्यात अडकवतात. वैरी कसे, डोळ्यांत तेल घालून एकमेकांकडे बघतात!" केंद्र चालवणाऱ्या बाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला होता.

त्या दिवशी कपाटाला लंबू आणि चष्मा ही दोन पोरं. चष्म्याच्या टोळक्याने लंबूच्या भावाचं डोकं फोडलं होतं, आणि "एकदा तावडीत सापडू दे" हा लंबूचा जप तेव्हापासून चालूच होता. आत्याला सगळं ठाऊक होतं. पण हट्टाला पेटली की ती कुणाचं ऐकते थोडीच!

चौथ्या मजल्यावरून भलंमोठं लाकडी कपाट निघालं. खालच्या टोकाला चष्मा, पाठमोरा उतरतोय. वरच्या टोकाला लंबू, त्याच्या मागे आत्या. वळणावर चष्म्याचा पाय सटकला. तो पायरीवर आदळला आणि कपाट त्याच्या छातीवर झुकलं. जिना अरुंद, आत्याला पुढे सरकायला जागाच नाही. लंबूने नुसती बोटं सैल सोडली असती, तरी सगळा खेळ खलास. आत्या मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालू लागली. काय करून बसलीस हे, मेले! लोकाचं पोर मारलंस की गं!

"अरे बैला, बघतोस काय? ऊठ! धरलंय मी!" लंबू खेकसला. त्याची बोटं भिंतीत आणि कपाटात चेंगरली होती. चष्मा धडपडत उठला, त्याने खांदा दिला आणि कपाट एकदाचं खाली पोचलं.

ट्रकपाशी आत्या मटकन बसली आणि चारचौघांत ढसाढसा रडली. "चुकलं रे माझं. पुन्हा नाही तुम्हाला एकत्र लावणार."

चष्मा लंबूच्या बोटांना ओलं फडकं गुंडाळत होता. मान वर न करताच त्याने विचारलं, "सोडलं का नाहीस?"

लंबूने डोकं खाजवलं.

"सुचलंच नाही रे," तो म्हणाला, स्वतःवरच जरा चिडून.