बुर्गलने हलवलेल्या अकरा काठ्या

ऑस्ट्रियाच्या डोंगरातल्या हिंटरमोस गावात बुर्गलला न ओळखणारा माणूस शोधून सापडायचा नाही. छत्तीस हिवाळे ती डोंगराच्या पायथ्याशी, स्की करणाऱ्यांना वर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टपाशी उभी होती. फिरत आलेली खुर्ची एका हाताने धरायची, दुसऱ्याने तिच्यावरचा बर्फ झटकायचा आणि माणसाला अलगद बसवून वर धाडायचं. काय तो रुबाब! राणीने पाहुण्याला स्वतःचं सिंहासन द्यावं तसा!

आता ती लिफ्ट जाणार होती. तिच्या जागी काचेचे बंद डबे, आपोआप उघडणारी दारं. इन्सब्रुकहून आलेल्या इंजिनिअर पेगरच्या आराखड्यात खालच्या स्टेशनवर माणूसच नव्हता. बुर्गलच्या निवृत्तीला अजून चार वर्षं होती, आणि हिवाळ्यात घरी बसायचं या विचारानेच तिला धडकी भरली होती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, गाव खानावळीत जमलं. पेगर तणतणतच उठला.

“नव्या स्टेशनची जागा आखायला रोवलेल्या माझ्या मोजणीच्या अकरा काठ्या कुणीतरी हलवल्यात! चांगली साठ पावलं!”

“मी हलवल्या,” कोपऱ्यातून बुर्गल म्हणाली.

लिफ्ट मंडळाचे अध्यक्ष कास्सियान यांनी कपाळाला हात लावला. “अगं बाई, कशाला?”

“मला काय ठाऊक त्या मोजणीच्या? बर्फाखाली रस्ता सापडावा म्हणून दर ऑक्टोबरला काठ्या कोण रोवतं? मीच ना? म्हटलं, शहरातली पोरं मदत करायला आली आणि भलत्याच जागी रोवून गेली. त्या खळग्यात बर्फ साचतो. मी उपटून लार्चच्या झाडांपाशी लावल्या.”

“खळग्यात वारा नसतो, बाई,” पेगर म्हणाला. “जूनमध्ये मी स्वतः उभा होतो तिथे.”

“जूनमध्ये तिथे गाई झोपतात, साहेब! जानेवारीत या. अख्ख्या डोंगराचा बर्फ वारा तिथेच आणून ओततो.”

खानावळ हसून हसून लोटपोट. कास्सियाननी ग्लास आपटून सभा शांत केली. “खळग्यात चार मीटरचा खांब रोवा. जागा जानेवारीत ठरवू.”

जानेवारीत पेगर आला, तर खांबच दिसेना. बुर्गलने लांब सळई खुपसत खुपसत वीतभर खाली त्याचं टोक शोधून काढलं.

“हं, या. हे तुमचं स्टेशन.”

पेगर स्वतःच खो खो हसत सुटला. “अख्खं बुडालं की हो!”

लार्चच्या झाडांखाली उभं राहून त्याने तिथल्या तिथे आराखडा बदलला. “आणखी काय राहिलं?”

“माणूस,” बुर्गल म्हणाली. या एका शब्दासाठी ती दोन महिने थांबली होती. “दारं उघडतील हो आपोआप. पण आज बर्फ कुठे साचलाय, हे दारांना कोण सांगणार?”

पेगरने मान डोलावली आणि आराखड्यात स्टेशनला लागून बुर्गलसाठी एक छोटी खोली काढली. तिला खिडकीही काढली.

“अहो, वाऱ्याच्या बाजूला खिडकी?”

पेगरने खिडकी खोडली आणि पेन्सिल बुर्गलच्या हातात दिली.