तहानेचं घराणं

कारखान्यात तिला सगळे टाकी म्हणत. दवाखान्यांच्या चादरी शिवणाऱ्या त्या लांबलचक हॉलमध्ये बाकीच्या बायकांकडे एकेक बाटली असायची, हिच्या पायाशी मात्र पाच लिटरचा कॅन. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो रिकामा व्हायचा. आत गेलेलं बाहेर यायचंच, त्यामुळे दिवसभर तिच्या फेऱ्या चालू. सुपरवायझर तिला अगदी पाण्यात पाहायचा. एकदा भर हॉलमध्ये त्याने विचारलं, "तू इथे शिवायला येतेस की मुतायला?"

टाकीने मशीन थांबवलं. कॅन उचलला, त्याच्या तोंडाकडे बघत घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "दोन्हीला. शिवण कमी भरली तर सांगा."

शिवण कमी भरत नसे. तो पुढे गेला.

ही तहान तिला बापाकडून आली होती. अप्पा गवंडी. परांचीवर दोरीने बादली ओढून घ्यायचे, लोकांना वाटायचं मालासाठी, पण ती प्यायला असायची. आत्याही तशीच होती. गल्लीतला डॉक्टर म्हणाला, सवय आहे, मनावर घेतलं तर सुटेल. दुसऱ्याने झोपेच्या गोळ्या दिल्या, तर टाकी झोपेतून धडपडत उठून नळ शोधू लागली. लग्नानंतर सासूने सवय मोडायचा चंग बांधला आणि रात्री स्वयंपाकघराला कुलूप लावलं. टाकीने बाथरूमच्या नळाला तोंड लावलं आणि सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर ते सांगूनही टाकलं. "घशाला कोरड पडली की मन कुठे जातं, ते तुम्हीही एकदा बघा, आई." सासूने कुलूप काढलं, पण पुढे कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलली नाही.

मग परांचीची फळी सरकली आणि अप्पा खाली आले. मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं, आणि तोवर तोंडाने काही द्यायचं नाही अशी पाटी पलंगाला लागली. मध्येच अपघाताची माणसं आली आणि अप्पांचा नंबर मागे मागे जात राहिला. दुपारपर्यंत त्यांचे ओठ फाटले. जीभ टाळूला चिकटायला लागली. ते टाकीला आत्याच्या नावाने हाक मारू लागले, आणि आत्या जाऊन तर वर्षं लोटली होती. पलंगाखालची लघवीची पिशवी मात्र भरतच होती, आतली लघवी नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ.

"सिस्टर, यांच्या पोटात काही जात नाहीये आणि पिशवी भरतेच आहे," टाकी म्हणाली. "एवढं येतंय कुठून?"

"अहो बाई, पाणी पाजलं तर भूल देताना उलटी होऊन फुफ्फुसात जाईल. माणूस दगावेल."

"मग तोंडाने देऊ नका. शिरेतून द्या. पण द्या."

"सलाइन चालू आहे ना?"

"त्याने भागत नाहीये. यांना आमची तहान आहे. डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. टाकी वॉर्डाच्या टेबलासमोर उभी राहिली ती हललीच नाही. शेवटी सिस्टरने पहारेकऱ्याला बोलावलं. टाकी त्याला म्हणाली, "मला बाहेर काढायचं तर उचलून काढावं लागेल. आणि मी ओरडणार. सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने." पहारेकऱ्याने सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरने कपाळाला हात लावला आणि फोन उचलला. एक तरुण डॉक्टर जांभया देत आला, अप्पांची जीभ पाहिली, पिशवी पाहिली आणि त्याची झोप उडाली. रक्त तपासलं तर त्यातलं मीठ भलतंच वाढलेलं. ऑपरेशन पुढे गेलं. सलाइन काढून साखरपाण्याची बाटली लागली, थेंबाथेंबाने, कारण मीठ एकदम उतरलं तरी मेंदूला धोका असतो असं तो म्हणाला.

दोन दिवसांनी अप्पा शुद्धीवर आले आणि बाटली टांगणाऱ्याला शिव्या देऊ लागले. तेव्हा टाकी भिंतीला टेकून रडली.

हार्मोनच्या मोठ्या डॉक्टरीणबाई तेव्हा आल्या. त्यांनी अप्पांना एक इंजेक्शन दिलं आणि स्टूल ओढून बसल्या. पिशवी भरायची थांबलेली टाकीने पहिल्यांदाच पाहिली.

"किडनीला पाणी धरून ठेव असं सांगणारं एक हार्मोन असतं," बाई म्हणाल्या. "ते मेंदूच्या तळाशी काही पेशी बनवतात. पण एकटं नाही. हार्मोन आणि त्याला धरून नेणारं वाहक प्रथिन, असं दोन्ही एकाच लांब साखळीत बनतं. साखळीची नीट घडी बसली की ती पुडीत भरली जाते आणि पेशीच्या लांब शेपटीतून खाली पियूषिका ग्रंथीत पोचते. वाटेत तिचे तुकडे होतात, तरी वाहक हार्मोनचा हात सोडत नाही. ग्रंथीत पुड्या साठतात आणि लागतील तशा रक्तात रिकाम्या होतात."

"आणि आमच्यात?"

"तपासायला हवं. पण मला वाटतं, तुमचं हार्मोन चांगलं आहे, वाहक वाकडा आहे. त्याची घडीच बसत नाही. तो पेशीतच अडकतो, साठत जातो आणि हळूहळू पेशीच मरतात."

टाकीला शंका आली. "मुलगी झाली तेव्हा मला दूध भरपूर होतं. तेही मेंदूच करतो ना?"

"दूध बाहेर सोडणारं हार्मोन वेगळं, तेही तिथेच बनतं. पण त्याचा वाहक वेगळा. तो तुमचा ठीक असणार."

"म्हणजे ही सवय नाही."

"नाही."

"परत एकदा सांगा," टाकी म्हणाली, "माझ्या सासूबाई बाहेर बसल्यात, त्यांना ऐकू जाऊ दे."

बाई हसल्या आणि खरंच तेच मोठ्याने म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात टाकीची तपासणी झाली. सकाळपासून पाणी बंद, समोर सिस्टर, आणि ठरावीक वेळाने वजन आणि लघवी मोजायची. अशी कोरड तिने कधीच ओढवून घेतली नव्हती. डोकं ठणकायला लागलं, खोली फिरायला लागली. "थांबवू का?" सिस्टरने विचारलं. "नाही," ती म्हणाली. "एवढी वर्षं मी सांगत होते. आज कागदावर येऊ दे." वजन बरंच उतरलं तेव्हा बाईंनीच थांबवलं आणि इंजेक्शन दिलं. तासाभरात लघवी दाटली, कमी झाली. टाकी थोडं पाणी प्यायली आणि उरलेलं पेल्यात तसंच राहिलं. तिला ते विचित्र वाटलं, जरा भीतीही वाटली.

रक्तातून केलेल्या जनुकांच्या तपासणीचा निकाल बाईंच्या अंदाजासारखाच आला. वाहकाच्या साखळीत एकच कडी चुकलेली, बापलेकीत तीच. टाकीच्या मुलीलाही ती मिळाली असण्याची शक्यता अर्धी. मुलगी तीन वर्षांची, अजून ठणठणीत. नवऱ्याला तिची तपासणी नको होती. "आत्ताच कशाला तिच्या कपाळी चिकटवायचं?" तो म्हणाला.

"चिकटलं असेल तर ते जन्मल्यापासून आहे," टाकी म्हणाली. "माहीत असलं तर तिला कुणी वेडी म्हणणार नाही. माझ्या वाट्याला ते आलं, तिच्या येणार नाही."

तपासलं. होतं. पेशी अजून तग धरून होत्या, इतकंच.

अप्पा आता काठी टेकत चालतात. औषध घ्यायला आधी तयार नव्हते, आयुष्य असंच गेलं म्हणाले. टाकीने गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि ती पोटात जाईपर्यंत समोर उभी राहिली. मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा टाकी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन थेट वर्गाच्या बाईंकडे गेली. "हिने पाणी मागितलं तर द्यायचं," ती म्हणाली. "बाथरूमला म्हणाली तर सोडायचं. वर्गात हसलं कुणी, तर मला बोलवा."

बाई जरा बिचकल्या. "एवढं काय झालंय तिला?"

"अजून काही नाही," टाकी म्हणाली आणि मुलीची बाटली तिच्या हाताला येईल अशी खिडकीत ठेवून कामावर गेली.