निळ्या चादरीची नजमाबाई

नजमाबाईनं मला पहिल्या भेटीतच कामाला लावलं. मुकुंदवाडी स्टेशनाच्या मागं आमची गल्ली आहे. वीस-बावीस घरं, सगळी पिशोरकडून आलेली, मेंढरं राखणाऱ्यांची. मी दारात बाजेवर बसलो होतो. पन्नाशीची एक बाई स्कूटीवरून उतरली. डोक्यावर ओढणी, गळ्यात कॅमेरा, काखेत गुंडाळलेली निळी चादर. ना राम राम, ना सलाम. चादरीचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाली, "मामा, हे त्या खांबाला बांधा. ताणून. तुमच्या हाताची गाठ पक्की असंल."

पक्की असंल म्हटल्यावर कोण सोडतो? मेंढरं कोंडायच्या जाळीला आम्ही जी गाठ मारतो ती मारली. बैलानं ओढली तरी सुटत नाही. बाईनं दुसरं टोक खिडकीला अडकवलं, मागं सरकली आणि म्हणाली, "आता बसा पुढ्यात. फोटो काढते."

"कुणाचा?"

"तुमचा. मेरा क्या करना?"

मी गाठ सोडली, चादरीची घडी केली आणि तिच्या हातात दिली.

ती तिची रीतच होती, हे मला मागून कळलं. ज्याचा फोटो, त्यानंच चादर बांधायची. मग तो हमाल असो नाहीतर डॉक्टर. ती म्हणायची, "माणूस रिकामा बसला की चेहरा बनवतो. हात कामाला लावा, चेहरा आपोआप येतो." आधी तिचा स्टुडिओ होता, पासपोर्ट फोटोचा. जन्मभर लोकांना 'हलू नका, हसू नका' म्हणून म्हणून तिला वीट आला होता. त्यातच घरोघर मोबाईल आले आणि स्टुडिओत कुणी फिरकेना. मग एका संस्थेच्या पोरापोरींना हाताशी धरून तिनं हे काम काढलं. शहरातल्या माणसांचे फोटो काढायचे आणि जिथले तिथंच, त्यांच्या वस्तीत भिंतीवर लावायचे. आमच्या भागातले शंभर चेहरे तिच्या वाट्याला आले होते. मी विचारलं, "हे करून काय होणार?" तर म्हणाली, "मामा, बाहेरगावचे लोक येतात, आपल्या शहराच्या जुन्या दरवाज्यांचे फोटो काढतात. दरवाजे में से जानेवाले का कोई नै निकालता."

बोलणं बिनतोड होतं. पण मी एकदा नाही म्हटलं होतं. लोक मला हट्टी म्हणतात. खोटं आहे ते. मी फक्त एकदा म्हटलेलं बदलत नाही.

कारणही तसंच होतं. माझ्या ओळखपत्रावरचा फोटो ज्यानं पाहिलाय त्याला ते पटेल. त्यात मी नुकताच पकडलेला दिसतो. काय चोरलं तेवढं फक्त खाली लिहायचं राहिलंय. आणि गल्लीतल्या बाकीच्यांना वेगळीच भीती. फोटो न्यायचे, यादी करायची आणि एक दिवस घरं पाडायला यायचं, असं कुणीतरी उठवून दिलं होतं. त्यामुळं सगळे म्हणायचे, "आधी किसनआबा बसू द्या, मग आम्ही." आणि किसनआबा, म्हणजे मी, तर बसत नव्हतो.

बाई मात्र येतच राहिली. बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसायची, आमच्या गोदाच्या हातचा चहा प्यायची, आणि फोटोचं नावही काढायची नाही. गोदा म्हणजे माझं कुटुंब. दोघी मिळून माझ्यावरच बोलायच्या, माझ्याच समोर.

"मामी, हे झोपेत तरी गप असतात का?"

"कुठलं! झोपेत मेंढरं हाकतात."

मी आपला शेळ्यांकडं बघायचो. मेंढरं कधीच गेली, आता दारात चार शेळ्या आहेत. त्या निदान उलटून बोलत नाहीत.

एक दिवस तिची आणि एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याची जुंपली. तो म्हणाला, "मॅडम, साहेबांचा फोटो मधोमध लावा. जरा मोठा." बाई शांतपणे म्हणाली, "साहेबांचं तोंड मोठंय का?" तो गडबडला, म्हणाला, "नाय." "मग कागद कायकू मोठा? सगळ्यांना एकच माप. साहेब आले तर चादर पण त्यांनीच बांधायची." साहेब काही आले नाहीत.

भाऊसाहेब देशमुख मात्र आले. गारखेड्याकडं त्यांची मोठी जमीन होती. माझ्या बापानं त्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली. आता जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, पोरं नोकरीला लागली, पण भाऊसाहेबांची मान अजून बांधावरच्यासारखी ताठ. मला सत्तरी उलटली तरी ते 'किसन्या' म्हणायचे. त्यांना बाईनं आमच्याच गल्लीत बोलावलं. मुद्दाम बोलावलं होतं, आता कळतंय. उजेड इथला चांगला आहे म्हणे! त्यांच्याही हातात टोक दिलं. भाऊसाहेबांनी गाठ मारली, खुर्चीवर बसले, मिशीवर हात फिरवला, आणि गाठ सुटून चादर डोक्यावर पडली. आत भाऊसाहेब, बाहेर नुसते बूट. गल्ली तोंडात पदर कोंबून हसायला लागली.

मला ती गाठ पाहवेना. उठलो आणि बांधून दिली. बांधता बांधता बाईला हळूच विचारलं, "ह्यांचा फोटो अन् आमचा, एकाच मापाचा?"

"हौ."

"एकाच भिंतीला?"

"हौ मामा. शेजारी शेजारी लावू?"

माझ्या बापाला ज्यांच्या ओसरीवर पाय ठेवता आला नाही, त्यांच्या शेजारी माझं तोंड, आणि तेही एका मापाचं. मी म्हटलं, "उद्या सकाळी ये. पण माझ्या अटी आहेत."

अटी साध्याच होत्या. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, मान वर, तोंड बंद. फोटोतला माणूस कसा दिसला पाहिजे? ज्याच्याशी बोलायला दोनदा विचार करावा लागेल असा. बाई सगळ्याला हौ म्हणाली. मी बसलो. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. लावला तो लावलाच. माझी मान अवघडली, डोळ्यात पाणी आलं. तेवढ्यात ती सहज म्हणाली, "मामा, मेंढरं लई बावळट असतात म्हणे. एक खड्ड्यात पडलं की सगळी पडतात."

आता हे कुणी ऐकून घ्यावं? मी तिला चांगलं सुनावलं. मेंढरू बावळट नसतं, ते एकमेकाला सोडत नाही. शंभरांत मिसळलं तरी कोकरू आपली आई ओळखतं. माणसाला गर्दीत शेजारी ओळखू येत नाही आणि नावं ठेवतो मेंढराला! बोलून झाल्यावर परत मान वर केली, तोंड मिटलं आणि म्हटलं, "हं, काढ आता."

"काढला," ती म्हणाली. "तसा पण काढला, असा पण काढते."

मी बसलो म्हटल्यावर दोन दिवसांत सगळी गल्ली बसली. म्हाताऱ्या बायका नऊवारी नेसून आल्या. घरं पाडायची गोष्ट कुणी काढली की त्या म्हणायच्या, "आबाचं घर पाडायला कोण येतंय? आबा बोलायला लागला की ट्रॅक्टर माघारी जाईल."

वर्षभर राबून बाईचे शंभर चेहरे पुरे झाले. समाजमंदिराच्या भिंतींवर फोटो लागले. उद्घाटनाच्या दिवशी आम्ही सगळे नवे कपडे घालून निघालो. आत पाऊल टाकलं आणि गोदानं माझा हात गच्च धरला.

शंभर फोटो, आणि प्रत्येकावर झेंडूचा हार. खाली उदबत्त्यासुद्धा.

झालं होतं असं. त्याच कार्यकर्त्यानं, मागचं भांडण मिटावं म्हणून, मोठ्या मनानं शंभर हार आणले होते. सगळ्यांच्या गळ्यात घालून सत्कार करायचा, असा त्याचा बेत. पण माणसं यायला उशीर झाला, त्याला दुसरीकडं जायचं होतं. म्हणून त्यानं फोटोंनाच घालून टाकले, वर उदबत्त्याही लावल्या. बाई तेव्हा दारात लोकांची वाट बघत उभी होती.

पुढचं विचारू नका. भिंतीवर आम्ही सगळे एकदम वारलो होतो. एका म्हातारीनं स्वतःच्या फोटोपुढं बसून गळा काढला. पोरांच्या आया बाईच्या अंगावर धावल्या. "जित्त्या माणसाला हार? काढा आमचे फोटो! फाडा!" दोघातिघांनी भिंतीवरून फोटो उतरवलेसुद्धा. बाई ह्याच्याकडं धाव, त्याच्याकडं धाव, "अगं ऐक, अरे थांब" करत होती. कुणी ऐकेना. शेवटी ती मधोमध फरशीवर बसली. प्रत्येक वाक्याला ज्या बाईजवळ उत्तर असायचं, ती माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मामा, मेरा साल गया."

भाऊसाहेबांच्या शेजारीच मी होतो. म्हणजे माझा फोटो. तिथवर गेलो आणि माझ्या फोटोवरचा हार काढला. गोदा ओरडली, "अहो, हात लावू नका!" मी बाहेर पडलो. घर काय, चार पावलांवर. चारी शेळ्या सोडल्या आणि समाजमंदिराच्या दारात आणून उभ्या केल्या. हार पहिलीच्या पुढं धरला. झेंडू म्हटल्यावर तिनं दोराही ठेवला नाही.

मी मोठ्यानं म्हणालो, "आमच्यात जुनं शास्त्र आहे. जित्त्या माणसावर चुकून हार पडला तर तो शेळीला चारायचा. दोष शेळी खाऊन टाकते अन् माणसाला उलट दहा वर्षं जास्तीची मिळतात."

असं कुठलंही शास्त्र नाही. माझ्या बापानं सांगितलं नव्हतं, त्याच्या बापानंही नाही. शेळ्या घेऊन दारात येईपर्यंत मी ते बनवलं होतं. परवा आमच्या गल्लीतली एक म्हातारी सुनेला तेच शास्त्र सांगत होती, आणि मी मधे बोललो तर माझंच चुकतंय म्हणून मलाच बजावत होती. दहा नाही म्हणे, बारा वर्षं.

कुणी हलेना. मग भाऊसाहेब पुढं झाले. आपल्या फोटोवरचा हार काढला, दारापर्यंत आले आणि म्हणाले, "किसनराव, माझा पण घ्या."

जन्मात पहिल्यांदा किसनराव. मी म्हटलं, "तुम्हीच चारा की. बोटं सांभाळा." त्यांनी चारला. त्यानंतर जी रांग लागली! रडणारी म्हातारी सगळ्यांना ढकलून पुढं आली, तिला तिची दहा वर्षं आधी पाहिजे होती. उतरवलेले फोटो परत भिंतीला लागले. पंचविसाव्या हाराला शेळ्यांनी माना फिरवल्या, तेव्हा उरलेले मी उद्यासाठी घरी नेले.

सगळं निवल्यावर मी माझा फोटो पहिल्यांदा नीट पाहिला. आणि डोकं फिरलं. तोंड हे एवढं उघडं, बोट वर केलेलं, पटका कानावर आलेला. घोंगडी तर घसरून दिसतच नव्हती. शेजारी भाऊसाहेब कसे, देवळातल्या मूर्तीसारखे!

"बाई, हा फोटो काढ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"काढते की," ती डोळे पुसत म्हणाली. मघाशी रडत होती, आता हसत होती. "तोंड मिटलेला पण आहे, तो लावते. फक्त एकदा मामींना विचारा."

गोदा फोटोपुढं कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "हाच राहू द्या. तोंड मिटलेला माणूस माझ्या ओळखीचा नाय."

फोटो तोच राहिला. प्रदर्शन संपल्यावर बाईनं तो घरी आणून दिला, आणि गोदानं माझं न ऐकता भिंतीला लावला. मी बाईशी आठ दिवस बोललो नाही. आठ दिवस ती रोज येऊन चहा पिऊन गेली.

गेल्या वर्षी ती मुलीकडं हैदराबादला राहायला गेली. गुडघे गेले, एकटीनं स्कूटी चालवणं होईना. जाताना भेटायला आली. उठता उठता म्हणाली, "मामा, शंभर जणांनी फोटो चांगला आला म्हणून सांगितलं. नाही म्हणजे, नव्व्याण्णव जणांनी. एकदा तुम्ही म्हणा, मी आरामात जाते."

मी म्हटलं, "रिक्षावाला खोळंबलाय."

ती हसत हसत गेली. आता फोन करते, गोदाशी बोलते, आणि शेवटी मुद्दाम मोठ्यानं विचारते, "मामा काय म्हणतात, कसा आलाय?" मी शेळ्यांना पाणी पाजायला उठतो.

फोनवर मी म्हणणार नाही. एकदा नाही म्हटलंय. पण लिहायचं नाही, असं काही मी म्हटलेलं नाही. तिच्या मुलीला मराठी वाचता येतं, ती वाचून दाखवील. नजमाबाई, फोटो बरा आलाय. बरा म्हणजे, चांगला आलाय. दुपारी घरात कुणी नसलं की मी त्याच्यापुढं उभा राहून बघतो, हा म्हातारा एवढ्या जोरात कुणाला काय सांगतोय. आणि दर वेळी मला त्याचं म्हणणं पटतं.