शुक्रवारी पाहिलेलं घर

शुक्रवारी सकाळी भिवंडीवर जी शांतता उतरते ती कानांच्या आधी तळपायांना कळते. एरवी फरशीतून, भिंतींतून, पलंगाच्या पायांतून अहोरात्र वाहणारी ती सूक्ष्म थरथर थांबलेली असते. माठातलं पाणी निश्चल, मांडणीवरचे पेले निमूट, आणि मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा, भिंतीवर हात ठेवून पाहते. बरी आहेस ना गं? लूमची, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांची, साप्ताहिक सुट्टी असते, एवढंच. पण दर आठवड्याला मला वाटतं, काहीतरी बिनसलं आहे. जिचं अर्धं आयुष्य खडखडाटात गेलं, त्या बाईला शांततेचीच शंका यावी यात नवल ते काय!

धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत खाली आमचा लूमचा कारखाना आणि वर आमचा संसार. नवी नवरी म्हणून आले तेव्हा वाटायचं, कोणीतरी अखंड दार ठोठावतंय आणि कोणी उघडत कसं नाही? पुढे सवय झाली, आणि सवयीचा पहिला परिणाम घशावर झाला. आमच्याकडे बोलणं म्हणजे ओरडणं. वरणात मीठ कमी आहे हेही ओरडून, आणि 'सांभाळून जा' हेही ओरडूनच. नव्या पाहुण्याला वाटतं, आपण चुकीच्या वेळी आलो. आमच्या ह्यांचे कान तर लूमने केव्हाच घेतले. त्यामुळे त्यांची कुजबुज ही आमच्या गल्लीची सार्वजनिक मालमत्ता आहे.

अशा घरात सागरने, म्हणजे आमच्या एकुलत्या एका चिरंजीवाने, मयुरी पसंत केली. नाव मयुरी, पण केकारवाचा मागमूस नाही! वडप्याच्या शेतकऱ्याची लेक. पूर्णा गावातल्या गोदामात सागर माल रवाना करायच्या कामावर आणि ही तिथेच कम्प्युटरवर. ती बोलते ते पिकलं पान गळावं तसं. पडल्याचं दिसतं, ऐकू येत नाही. पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी तिला तीनदा विचारलं, "चहा की कॉफी?", आणि तिचे ओठ हललेले पाहून अंदाजाने दोन्ही केलं. सागरच्या मनात मात्र नेमकं त्याच आवाजाने घर केलं होतं. साखरपुड्यानंतर तो मला एवढंच म्हणाला, म्हणजे ओरडला, "आई, मला असं घर पाहिजे, जिथं तिला एकच गोष्ट दोनदा बोलायला लागणार नाय." केवढीशी मागणी! पण भिवंडीत राहून ती करणं म्हणजे खाडीत उभं राहून कोरडे पाय मागण्यासारखं होतं.

दोघांनी गोदामातली सुट्टी शुक्रवारचीच मागून घेतली होती, कारण आमच्या घरी तिचं बोलणं ऐकू यायचं ते फक्त शुक्रवारी. साहजिकच घरंही शुक्रवारीच पाहिली गेली. अखेर शहराच्या कडेला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या पसंत पडल्या आणि दोघांच्या नावावर झाल्या. मागच्या खिडकीतून एक लांबलचक पत्र्याची शेड दिसायची, शटर खाली ओढलेलं. गोदामात काम करणाऱ्यांना पत्रा दिसला की गोदामच दिसतं. "कुणाचा तरी माल पडून असेल," म्हणून दोघं मोकळी झाली. किती शांत, किती शांत, असं म्हणत आम्ही त्या खोलीत देवळात बोलावं तसं हळू बोललो. हेसुद्धा हळू बोलले. म्हणजे त्या मजल्याबाहेर फारसं गेलं नाही. आपलाही काही उपयोग व्हावा म्हणून मी खिडकीच्या जाळीवर बसलेलं पांढरं तूस पदराने पुसून काढलं. घरी रोज पुसते, तसंच.

आमच्याकडे लग्नाआधी मुलामुलीने एका घरात राहायची रीत नाही. पण सामान राहिलं तर त्याला कोण नावं ठेवणार? तुळशीचं लग्न लागलं की यांचं. त्याआधी घर लावून घ्यावं असं ठरलं आणि एका शुक्रवारी दोन्हीकडून टेम्पो निघाले.

सामान हलवताना माणूस कशाने थकतो? ओझ्याने म्हणावं, तर ओझं हमाल उचलतात. मी थकले ती त्या दुप्पटपणाने. दोन कुकर, दोन मिक्सर, दोन पोळपाट, आणि दोन्हीकडच्या आयांनी 'असू दे गं, लागतं' म्हणून कोंबलेले डबेच डबे. सगळं भरलेलं गोदामातून आणलेल्या रिकाम्या खोक्यांत. लहान बाळाच्या लंगोटांचं चित्र असलेली खोकी एकामागोमाग एक जिना चढू लागली, तेव्हा शेजारच्या बाईंनी लग्न न झालेल्या मयुरीकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी धावत जाऊन एक खोकं उघडून दाखवलं. आतून कढई निघाली. फरशी पुसायच्या औषधाच्या खोक्यातून देव निघाले. त्यांनी क्षमा केली असेल. दोन माणसांची मनं जुळतात म्हणे, जुळतही असतील; पण एका कुकरची शिट्टी दुसऱ्या कुकरला लागत नाही, हे मी त्या दुपारी जमिनीवर बसून सगळ्या परींनी करून पाहिलं आहे. वस्तूंनाही सासर असतं का हो? आणि असलं तर त्यांना तिथे रुळायला किती काळ लागत असेल?

खरा पेच पडला तो लोखंडी कपाटांचा. एक आमच्याकडचं, करड्या रंगाचं. आरशावर सागरने लहानपणी चिकटवलेले क्रिकेटवाले आणि खालून गुडघा दिल्याशिवाय न लागणारं डावं दार. दुसरं मयुरीच्या बाबांनी साखरपुडा झाल्याबरोबर घेतलेलं, आभाळी रंगाचं, कोरं करकरीत. ते गोधडीत गुंडाळून, टेम्पोत स्वतः त्याला पाठ लावून बसून बाबा वडप्याहून आले होते. वाटेत खड्डा आला की म्हणे कपाटालाच धरत होते, स्वतःला नाही. आतल्या खोलीत पलंग लागला आणि जागा उरली एकाच कपाटापुरती. तेवढ्यात आमचे हे माझ्या कानाशी वाकले आणि कुजबुजले, "आपलंच ठेवू. जुनं लोखंड आहे. ते काय, पत्र्याचं डबडं!"

कुजबुज जिन्याने खाली वॉचमनपर्यंत गेली. बाबा गोधडीची गाठ सोडत होते. त्यांचे हात थांबले, आणि मग त्यांनी सुटलेली गाठ पुन्हा बांधायला घेतली. "बराबर हाय त्यांचं," ते म्हणाले, "जागा न्हाय तं न्हाय. सकाळी टेम्पो आनतो, नेतो माघारी. घरी तांदूळ ठेवायला व्हईल." मी म्हटलं, "अहो भाऊ, ह्यांचं नका मनावर घेऊ!" पण माझा आवाज असा, की त्यातून समजूतही दमदाटीसारखी बाहेर पडते.

मयुरी काहीतरी बोलली. ओठ हलले. सागर म्हणाला, "काय?" ती पुन्हा बोलली, नेमका खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. "काय गं?" तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही." हे मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

एकच गोष्ट तिला दोनदा सांगावी लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप, आणि त्याच घरात पहिल्याच दिवशी ती तिसऱ्यांदा सांगायची थांबली! आभाळी कपाट गोधडीसकट दाराबाहेर, जिन्याच्या चौकात, उभं राहिलं. कपाट परत गेलं म्हणून लग्न मोडत नाही, एवढं मलाही कळतं. पण बापाने पाठ लावून आणलेली वस्तू उंबऱ्याबाहेरून माघारी गेली की लेक त्या घरात जन्मभर थोडी पाहुणीच राहते, आणि काय झालं विचारलं की 'काही नाही' म्हणते. सागरला हे कळत होतं का? तो खोक्यांच्या चिकटपट्ट्या ओरबाडत होता, एवढं मी पाहिलं.

नव्या घरात दिवा लावला की पहिल्या रात्री ते रिकामं ठेवू नये, अशी आमची रीत. पोरांना राहता येत नाही, ह्यांना पहाटे कारखाना उघडायचा, राहिले मी. अशा कामांना घरातलं उरलेलं माणूसच लागतं. कंबर मोडलेली, गुडघे बोलत होते, पण झोप? त्या निःशब्द अंधारात मला माझाच श्वास ऐकू येत होता, आणि स्वतःचा श्वास इतक्या जवळून ऐकणं ही काही सुखाची गोष्ट नाही. बाहेर कपाटाचा पत्रा गार पडताना एकदा 'टक्' वाजला. वाटलं, कोणी दाराशी उभं आहे आणि आपण आत बोलावलेलं नाही.

उजाडलं, आणि मागच्या शेडचं शटर करकरत वर गेलं. एक खट् झालं. मग दुसरं. मग एकात एक मिसळत सगळा पत्रा खडखडू लागला. पलंगाचे पाय थरथरले, ओट्यावरचे पेले किणकिणले. लूम! म्हणजे जाळीवरचं ते तूस साधी धूळ नव्हती, लूममधून उडालेली कापसाची रुई होती. आणि जन्मभर तीच पुसत आलेल्या या हाताने ती ओळखू नये? रोज पुसते म्हणून तर ओळखली नाही! आता पोरांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं, असा गंभीर विचार करण्यासाठी मी जरा उशीला टेकले, आणि सांगायला लाज वाटते, गाढ झोपी गेले.

पुढचं मला मागाहून कळलं. दोघं आली, बेल वाजवली, दार बडवलं. सागरने जिना दणाणेल अशा हाका मारल्या. पण सागरच्या हाका आणि लूमचा खडखडाट ऐकतच तर मी इतकी वर्षं झोपत आले, त्याने जाग कशी यावी? शेजारी जमले, दार तोडायची भाषा निघाली. मला जाग आली ती एका अनोळखी आवाजाने. ताणलेला धागा तुटावा तसा, चिरका, घाबराघुबरा: "आईऽऽ! ओ आई! दार उघडा!" तोवर ती मला काकू म्हणत असे. दार उघडलं तर समोर मयुरी, गळ्याच्या शिरा ताठ, डोळे भरलेले. आणि मागे सागर, माझ्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे आ वासून बघणारा.

मी धडधाकट आहे हे पटल्यावर त्याच्या कानांनी तो खडखडाट घेतला. तो आतल्या खोलीत गेला, भिंतीवर हात ठेवला, अगदी माझ्यासारखा, आणि पलंगाच्या कडेवर बसला. "शुक्रवार," तो म्हणाला. "आपण प्रत्येक वेळी शुक्रवारीच आलो." माझ्या उंचनिंच मुलाचे खांदे इतके उतरलेले मी कधी पाहिले नव्हते.

तेवढ्यात मयुरीचे बाबा टेम्पो घेऊन पोचले. खाली वाकून ते कपाटाला हात घालणार, तोच ती दाराबाहेर धावली. "राहू द्या, बाबा!"

"काय?" बाबा म्हणाले. लूमचा आवाजच तसा होता.

"राहू द्या! दोन्ही राहू द्या! काल मी तेच सांगत होते, दोन्ही राहू द्या!"

लूमच्या डोक्यावरून ते वाक्य आतल्या खोलीपर्यंत गेलं. सागरने मान वर केली. ती आत आली आणि पलंगाला हात घालून ओढू लागली. पलंग बाहेरच्या खोलीत न्यायचा. मागच्या भिंतीला दोन्ही कपाटं शेजारी शेजारी लावायची, आत गोधड्या ठासून भरायच्या, म्हणजे आवाज अडेल. कोणी हो-नाही म्हणायच्या आत सागर उठून दुसरी बाजू उचलत होता. बाबा कपाट घेऊन उंबरा ओलांडताना थबकले. "पोरी, येवढ्या मोठ्यानं तू कवा बोललीस गं?"

"आता रोज बोलेन! हितं त्याशिवाय कुनाला ऐकू येनार हाय?" ती म्हणाली, आणि सागर जो हसत सुटला तो पलंग खाली ठेवूनच थांबला.

आवाज अडला का? खरं सांगायचं तर फारच थोडा. एका कपाटाने अर्धी खिडकी खाल्ली, त्यामुळे रुई आत यायची कमी झाली, हाच काय तो नफा. पण आता सागरने 'काय?' म्हटलं की ती तिसऱ्यांदाही सांगते, आणि गरज पडली तर त्याचा दंड धरून चौथ्यांदा. आमचे हे तर बेहद्द खूश. परवा माझ्या कानाशी कुजबुजले, "पोरगी चांगली बोलते गं! मला वाटायचं, माझेच कान गेलेत." आभाळी कपाटाची तारीफही ते आता अशीच कुजबुजून करतात, वडप्यापर्यंत पोचावी अशी त्यांची इच्छा असणार.

काल पुन्हा शुक्रवार होता. उरलेली खोकी उघडायला गेले होते, आणि खूप थकले होते. हळद व्हायची आहे, मांडव पडायचा आहे, माणसांचे रुसवे काढायचे आहेत. सगळं डोंगरासारखं पुढे उभं. आतल्या खोलीत कपाटांसमोर जमिनीवर बसले. फरशी निश्चल. जुन्या कपाटाच्या दाराला कोणी गुडघा दिला नव्हता. ते त्या शांततेत आपसूक हलकेच उघडत गेलं आणि आभाळी कपाटाला टेकून थांबलं. सवयीने मी भिंतीकडे हात नेला, तर मध्ये लोखंड. तळवा तिथेच ठेवला. गार लागलं, बरं वाटलं.

स्वयंपाकघरातून एकदम हाक आली, "आईऽऽ! चहाऽऽ!" खिडकीवरचं कबूतर उडून गेलं. आज लूम बंद आहेत, इतकं ओरडायची गरज नाही, हे मयुरीच्या ध्यानातच नव्हतं. मीही काही आठवण करून दिली नाही.