तेवीस तास पाणी

चांगुणाबाईंना घर विकायचं होतं आणि त्याचं त्यांना तिळमात्र दुःख नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पारनेरातली त्यांची निम्मी गल्ली त्यांच्या वतीनं उसासे टाकायला लागली होती. एकजण म्हणाली, "सोता उभं ऱ्हाऊन बांधलेलं घर. जीव तुटत आसंल." चांगुणाबाई म्हणाल्या, "ईटा गवंड्यानं रचल्या. माझा जीव कशाला तुटतोय?"

उलट त्यांना घाई झाली होती. हे घर बांधलं ते पोरांच्या शाळेपायी. नवरा कारभारी वस्तीवर गायी आणि शेत सांभाळत राहिला आणि त्या दोन पोरांना घेऊन तालुक्याला आल्या. आता ओंकार पुण्यात नोकरीला लागला, मोनिका नांदायला गेली. चार खोल्यांत एकटीनं भांडायचं तरी कुणाशी? वस्तीवर कारभारी होते, गायी होत्या, बांधाला बांध लागून दोन जावा होत्या. मन रमायला आणखी काय लागतं?

अडलं होतं ते एका पाइपवर.

शेजारी देवश्रीबाई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलं परदेशी, घरात एकट्या. त्यांनी आपल्या अंगणात दोनदा बोअर घेतलं आणि दोन्ही वेळा नुसता फुफाटा उडाला. नळाला पाणी यायचं तेव्हा यायचं. चांगुणाबाईंच्या बोअरला मात्र पहिल्याच फटक्यात पाणी लागलं, आणि त्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवरून एक काळा पाइप पलीकडं टाकला. तेव्हापासून सकाळचा एक तास मोटर देवश्रीबाईंच्या टाकीसाठी चालायची. याबद्दल दोघींत कधी बोलणं झालं नाही. ओंकार आणि मोनिका दहावी होईपर्यंत रोज संध्याकाळी दप्तर घेऊन देवश्रीबाईंच्या ओट्यावर बसायची, त्याबद्दलही नाही. कुणी हिशेब विचारलाच असता तर चांगुणाबाईंनी त्याला वाण्याच्या दुकानाचा रस्ता दाखवला असता.

आता घर घेणारा पाइप ठेवेल की काढेल? काढला, तर सत्तरीच्या बाईनं टँकरमागं हंडा घेऊन पळायचं का? चांगुणाबाई तशा कुणाला भिणाऱ्या नव्हेत, पण या एका गोष्टीची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

घर विकायचं कळताच पहिल्यांदा हजर झाले काकासाहेब. एसटी स्टँडजवळ त्यांचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि शेजारच्या टपरीवरचा चहा. तिथं जागा, विमा आणि स्थळं, तिन्ही जुळवून मिळायची. माणूस गोडबोल्या, पण खोटा नाही. दुसऱ्याच दिवशी ते एका हार्डवेअरवाल्याला घेऊन आले. त्यानं भिंतींवर टकटक केली, नळ सोडून पाहिला, खूश झाला. चांगुणाबाईंनी त्याला पाइप दाखवला आणि पाण्याचं सांगितलं. तो हसून म्हणाला, "बघू की."

हे 'बघू' चांगुणाबाईंनी जन्मभर ऐकलं होतं. सोयरीक मोडणारे 'बघू' म्हणतात, उसनं न देणारे 'बघू' म्हणतात. 'बघू' म्हणजे नाहीच, फक्त चहा संपेपर्यंत सांगायचं नसतं.

"वहिनी," गिऱ्हाईक गेल्यावर काकासाहेब कळवळून म्हणाले, "पाइपचं तोंडातून काढायचंच न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा खरेदीखत झालं की त्यो बघंल आन त्या बाई बघतील."

"आन मी माझं त्वांड कुटं लपवू?"

काकासाहेबांनी चहा संपवला.

शनिवारी ओंकार आला. तो म्हणाला, "आई, एजंटाचा नाद सोड. ऑनलाइन टाकू. अख्खा महाराष्ट्र बघेल." त्यानं घराचे फोटो काढले. फोटोत बादल्या नकोत, वाळवण नको, आणि शेवटी आईही नको, तेव्हा चांगुणाबाई बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. ओंकार मोबाईलमध्ये एकेक रकाना भरत मोठ्यानं विचारू लागला. खोल्या किती, तोंड कुठल्या दिशेला, गाडी लावायला जागा आहे का.

"पाणी चोवीस तास, बरोबर ना?"

"तेवीस," चांगुणाबाई म्हणाल्या.

"काय?"

"येक तास बाईंचा न्हाई का? तेवीस लिव्ह."

मोबाईलमध्ये तेवीसची सोय नव्हती. चोवीस तास नाहीतर ठरावीक वेळ, दोनच पर्याय. ओंकारनं आईला समजावलं, मग नेहमीप्रमाणं हार मानली आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'बोअरचं पाणी, तेवीस तास.' पुढं शेजारच्या बाईंचं सविस्तर लिहू लागला तर आईनं अडवलं.

"पुरं. समदंच लिव्हलं तर समदेच व्हय म्हनत येतील. ज्याला कळायचं त्यो ईचारील."

सोमवारपासून फोन सुरू झाले. निम्मे फोन एजंटांचेच. एकाला घर भाड्यानं हवं होतं. एकानं रामराम न करता विचारलं, "लास्ट किती?" त्याला चांगुणाबाईंनी रामराम कसा करतात ते शिकवलं आणि फोन ठेवला. जाहिरातवाल्या कंपनीतून एक मुलगी बोलली, आवाज मधासारखा. "मॅडम, जाहिरातीत टायपिंगची चूक झालीय. तेवीसचं चोवीस करून देऊ का?"

"चूक न्हाई, बाळा. तेवीसच हाय."

"पण मॅडम, लोक बघणार नाहीत."

"न्हाई तर न्हाई. तू जेवलीस का?"

मुलगी गडबडली आणि 'हो' म्हणाली. तेवीसचं चोवीस झालं नाही. पण तो एक तास कुठं गेला, हे कुणी विचारीना. सगळ्यांना वाटायचं चूक आहे, किंवा कुणी तिथवर वाचतच नव्हतं. महिना गेला. काकासाहेब येता-जाता ओट्याशी थांबायचे. "काय म्हनतोय मोबाईल? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलाव तुमी." हार्डवेअरवाल्यानं भाव वाढवला होता. वस्तीवरून कारभाऱ्यांचा फोन आला, "कपिली व्याली. कालवड झाली. तू कवा येतीस?" नवऱ्यानं एवढी तीन वाक्यं एका दमात बोलावीत, म्हणजे त्याला किती करमत नसेल, हे त्या समजल्या. आणि मग त्यांचंही मन ढळलं. द्यावं हार्डवेअरवाल्याला, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्या दुपारी देवश्रीबाईंच्या दाराशी टेम्पो थांबला आणि त्यातून काळी मोठी टाकी उतरली. चांगुणाबाई पदर खोचून बाहेर आल्या.

"बाई, ही कशाला?"

"टँकरचं पाणी साठवायला." देवश्रीबाई हसल्या. "नव्या माणसांना आपली अडचण कशाला? तू निश्चिंत जा, चांगुणा. माझ्यासाठी अडून बसू नकोस. मला सगळं कळतं."

म्हणजे बाईंना माहीत होतं. घर का अडून राहिलंय, हे त्यांनी भिंतीपलीकडून ओळखलं होतं, आणि एका शब्दानं न बोलता स्वतःची सोय करून टाकली होती. चांगुणाबाईंना इतकी लाज वाटली की त्या तशाच घरात आल्या. रागही आला, पण तो कुणावर काढायचा हे ठरेना. शेवटी त्यांनी घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार. मी अजिनाथ बोलतोय. बदली होऊन पारनेरला शिक्षक म्हणून आलोय. तुमची जाहिरात वाचली." मग आवाज जरा घुटमळला. "एक विचारू का? तो एक तास कुठं जातो?"

चांगुणाबाईंनी ओला हात पदराला पुसला आणि फोन नीट कानाला धरला.

"शेजारी जातो," त्या म्हणाल्या.

"रोज?"

"रोज."

"बरं. मग रविवारी बघायला येऊ का?"

रविवारी तो बायको आणि मुलीला घेऊन आला. त्यानं भिंतींवर टकटक केली नाही. सरळ मागच्या अंगणात गेला, पाइप हातात धरून पाहिला आणि म्हणाला, "हा जॉइंट गळतोय. बदलावा लागेल." झालं, चांगुणाबाईंचं घर त्याच क्षणी विकलं गेलं. बाकीचं नुसतं बोलणं होतं.

चहा घेताना त्यांनी विचारलं, "मास्तर, बाकी कुनाच्या ध्यानात न्हाई आलं ते. तुमच्याच बरं आलं?"

"मी भंडारदऱ्याकडचा. आमचं म्हणजे धरण उशाला, कोरड घशाला. पाणी डोळ्यांदेखत खाली जायचं आणि आई हंडा घेऊन डोंगर चढायची. कुणी पाण्याचं मोजून सांगितलं, की मी पुन्हा वाचतो."

हार्डवेअरवाल्यापेक्षा पैसे कमी आले. ओंकार चार दिवस कुरकुरला, मग गप्प झाला. कागदपत्रांसाठी चांगुणाबाईंनी काकासाहेबांनाच बोलावलं आणि त्यांचं कमिशन त्यांना दिलं. "मोबाईलनं गिऱ्हाईक आनलं," त्या म्हणाल्या, "पन मोबाईलला काय रजिस्टर हापिसात उभं ऱ्हाता येतंय?" काकासाहेबांचा सगळा रुसवा तिथंच निवला. पुढच्या महिन्यात त्यांच्या पाटीवर एक नवी ओळ आली, 'ऑनलाइन जाहिरात करून मिळेल.'

वस्तीवर चांगुणाबाईंचा जीव झकास रमला. जावांशी दोनदा भांडण झालं, दोनदा मिटलं. कालवड त्यांच्या हाकेला ओ द्यायला लागली. फक्त सकाळी मोटरची वेळ झाली की हात आपोआप बटणाकडं जायचा, आणि तिथं बटण नसायचं.

एका सकाळी देवश्रीबाईंचा फोन आला. त्या हसत होत्या. "चांगुणा, आज माझ्या दोन्ही टाक्या भरून वाहतायत. अंगणात तळं झालंय."

"आन मोटर कुनी बंद न्हाई केली?"

"मास्तरांच्या मुलीनं लावली आणि वही घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. गणितात रमली ती रमलीच."

चांगुणाबाईंना बारीकसा हेवा वाटला. त्या ओट्यावर आता दुसऱ्याचं पोर. मग त्यांना आपलंच हसू आलं.

"त्या पोरीला द्या फोन."

"हॅलो?" पलीकडून घाबरा आवाज आला.

"बाळा, तास म्हंजी तास. पानी असं वाहू द्यायचं नस्तंय."

"हो आजी."

"गनितं झाली का?"

"एक राहिलंय."

"मंग मोटर बंद कर," चांगुणाबाई म्हणाल्या, "आन जाऊन बस तितंच."