आंबा घाटात गेलेली माझी अब्रू

परवा सोमवारी आंबा घाटात आमच्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने माझी अब्रू राखली... खरं तर आधी मी तिची राखली!

मी जयगडचा. बारा वर्षं आगबोटीच्या इंजिनावर तेलवाला होतो, आता रत्नागिरीत आमचे मालक अण्णा, त्यांच्या दोन मोटारींचा फिटर आहे. आगबोटीवरच्या माणसाला मोटारीतलं काय कळतंय, हे अण्णांच्या मनात होतंच.

शनिवारी कोल्हापूरची गाडी अर्ध्या घाटात उकळली. डायनामो आणि पंखा फिरवणारा चामड्याचा पट्टा नुसता घसरत होता, आणि तो आदल्याच दिवशी मी बसवलेला. अण्णा गरजले, "ढिला ठेवलास तू! सोमवारी पुन्हा वाफ निघाली तर पाने-पक्कड इथे ठेव आणि जयगडची वाट धर."

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं... आणि वास नाकात शिरला. मुशी माशाचं तेल! आमचा गणू ड्रायव्हर पडला खारवी. खाऱ्या हवेत टिकावी म्हणून होडीला तेल लावतात, तसा त्याने नवाकोरा पट्टा मायेने माखला होता.

"मेल्या, होडी आहे काय ही?" मी म्हटलं. पट्ट्याला तेल म्हणजे शेवाळावर पाय. गणूचा चेहरा पडला... घरी चार पोरं त्याची. अण्णांना मी काही बोललो नाही.

पट्टा रॉकेलने पुसला, चुलीच्या राखेत घोळवला, पुन्हा कोरडा केला. डायनामो जरा बाहेर ओढून बोल्ट आवळला. अण्णा मागे उभे, "अजून ताण, अजून ताण!"

मी नाही ऐकलं. अंगठ्याने मधोमध दाबला की अर्धं पेर आत जायला हवा, जास्त ताणला तर डायनामोचं बेअरिंग जातं. अण्णांना हे तोंडावर सांगितलं आणि बॉनेट लावून टाकलं.

सोमवारी अण्णा स्वतः गाडीत बसले, मी पुढे गणूच्या शेजारी. साखरपा सोडलं, चढण लागली... माझे डोळे रेडिएटरच्या झाकणावर. शनिवारी गाडी जिथे उभी राहिली ती जागा मागे पडली. घाटमाथा आला, वाफेचा पत्ता नाही!

अण्णा खाली उतरून म्हणाले, "बघ, नीट ताणलास तर झालं ना? मी सांगतच होतो."

तेवढ्यात गणूने डोक्यावरची टोपी काढली. "अण्णा, पट्टा ढिला कधी नव्हताच. तेल मी लावलेलं. यानं माझं नाव घेतलं नाही."

अण्णांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग इंजिन बंद करायला सांगितलं, धोतर सावरून बॉनेटमध्ये हात घातला आणि अंगठ्याने पट्टा दाबला. "एवढाच ना रे?"

"एवढाच, अण्णा."

"मग मलाही शिकव सगळं. आणि गण्या, तुझी ती बाटली घरी ठेव!" अख्खी गाडी हसली.

गाडी घाट चढली याचा अभिमान आहेच, का नसावा? पण गणू गप्प राहिला असता तर त्याची नोकरी शाबूत होती, आणि मी जन्मभर पट्टा ढिला ठेवणारा फिटर. भर घाटात, सगळ्यांसमोर, तो माझ्यासाठी बोलला... असा सोबती मला बारा वर्षांत एकाही आगबोटीवर भेटला नाही.